एमएलए व्हायला अमेरिकेला

आमच्या गल्लीत अजून काही लोकांना वाटतं की मी अमेरिकेत आमदारकी शिकायला गेलीय. चूक माझीच. निघायच्या आठवड्यात कोणीतरी विचारलं काय शिकणार तिकडं, मी घाईत म्हटलं एमसीपी आणि जमलं तर एमएलए, पहिलं कोणाला कळलं नाही आणि दुसरं सगळ्यांना कळलं. तर एमसीपी म्हणजे मास्टर ऑफ सिटी प्लॅनिंग, एमएलए म्हणजे मास्टर ऑफ लँडस्केप आर्किटेक्चर, आणि दोन्ही एकत्र केलं की त्याला ड्युअल डिग्री म्हणतात, काही कॉलेजं कॉन्करंट म्हणतात. दोन-दोन वर्षांच्या दोन डिग्र्या चाराऐवजी तीन वर्षांत होतात कारण काही विषय दोन्हीकडं मोजले जातात. मला एवढंच माहीत होतं आणि एवढ्यावरच मी उडी मारली. आता ज्युनियर्सचे सारखे मेसेज येतात की ताई नक्की कसं केलं, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते, पुढच्या वेळी लिंक फेकायला बरं.

मी सांगलीची. पप्पांचं मारुती चौकाजवळ स्टेशनरीचं दुकान, घर शामरावनगरात. सांगलीच्या माणसाला यापुढं काही सांगायला नको. बाकीच्यांसाठी: २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या पुढं गेलं, तिथली धोक्याची पातळी आहे ४५ फूट. मी तेव्हा बी.आर्कच्या, म्हणजे आर्किटेक्चरच्या पदवीच्या, चौथ्या वर्षाला पुण्यात होते आणि फोनवर पप्पा फक्त आकडे सांगायचे, आता ५२, आता ५४, जशी काय क्रिकेटची मॅच चाललीय. पुढच्या वर्षी थिसिस अर्थातच पुरावर केला. त्यासाठी महानगरपालिकेत, पाटबंधारे खात्यात, नगररचनेत खेटे घातले आणि तिथं मला पहिल्यांदा निळी रेषा आणि लाल रेषा नीट कळली. निळी म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नको, दोन रेषांच्या मध्ये अटी घालून. कागदावर एकदम क्लिअर. आणि जागेवर बघावं तर त्याच पट्ट्यात गुंठा-गुंठा जमीन घेऊन हजारो लोकांनी घरं बांधलेली, २००१ च्या गुंठेवारी कायद्यानं त्यातली बरीच नियमित झालेली, आणि त्यातलंच एक घर आमचं.

म्हणजे मला पडलेला प्रश्न अर्धा कायद्याचा होता आणि अर्धा मातीचा. रेषा कुठं काढायची, कोणाला उठवायचं, पैसे कोण देणार, हे प्लॅनिंग. पाणी जिथून जायचंच आहे तिथली जमीन कशी ठेवायची, ओढ्याला किती जागा सोडायची, प्लिंथ म्हणजे घराचं जोतं किती उचलायचं, हे डिझाइन. आपल्याकडं कॉलेजात हे दोन वेगळ्या मजल्यावर शिकवतात आणि ऑफिसात तर वेगळ्या गावातच असतात. हे सगळं मी आत्ता चार ओळीत लिहिलं पण इथवर यायला मला एसओपीचे, म्हणजे अर्जासोबतच्या 'मला हे का शिकायचंय' निबंधाचे, अकरा ड्राफ्ट लागले.

बी.आर्क करून दोन वर्षं पुण्यात एका ऑफिसात नोकरी केली, बहुतेक वेळ टॉयलेट डिटेल्स आणि टाइल्सचा हिशोब. २०२२ च्या जूनमध्ये ठरवलं की डिसेंबरला अर्ज टाकायचे. अहमदाबाद, दिल्लीचा विचार केला होता, पण तिथं एक तर प्लॅनिंग नाही तर अर्बन डिझाइन नाही तर लँडस्केप, असं एकच निवडावं लागत होतं आणि मला तेच नको होतं.

सगळ्यात आधी गोंधळ झाला तो कुठल्या डिझाइन डिग्रीची जोडी लावायची याचा. प्लॅनिंगसोबत तीन जोड्या कॉमन आहेत: एम.आर्क, लँडस्केप, अर्बन डिझाइन. माझ्या बॅचमधला प्रत्येक जण म्हणत होता एम.आर्क घे. एम.आर्कचा खरा फायदा ज्याला तिकडं आर्किटेक्टचं लायसन घ्यायचंय त्याला, कारण आपली पाच वर्षांची बी.आर्क आपल्या कौन्सिलला चालते पण तिकडच्या बोर्डाला तशीच चालत नाही. मला इमारती काढायच्याच नव्हत्या. अर्बन डिझाइन मोहात पाडत होतं. हा विषय पदवीला आला तोच १९६० च्या सुमाराला हार्वर्डमध्ये, आणि आला तो प्लॅनर आणि आर्किटेक्ट एकमेकांशी बोलेनासे झाले म्हणूनच, असं मी तरी समजते. पण माझा प्रश्न पाण्याचा होता, म्हणून लँडस्केप. बी.आर्क असेल तर लँडस्केपचा तीन वर्षांचा कोर्स काही ठिकाणी दोन किंवा अडीच वर्षांवर येतो, हे आधी बघून घ्या, ड्युअलचं सगळं गणित त्यावर आहे.

कन्सल्टंटकडं गेले होते एकदा. पुण्यातलेच, नाव नको. त्यांनी विचारलं, "कोर्सचा एसटीईएम कोड आहे का?" मी म्हटलं लँडस्केप. ते म्हणाले, "गार्डनिंग?" मी चहा संपवून उठले. तसा त्यांचा प्रश्न फालतू नव्हता हां, शिकून झाल्यावर तिकडं एक वर्ष काम करता येतं आणि कोर्सचा कोड एसटीईएमच्या, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-इंजिनियरिंग-गणिताच्या, यादीत असेल तर आणखी २४ महिने मिळतात, त्यामुळं कर्ज काढून जाणाऱ्यानं हे विचारलंच पाहिजे. आणि एकाच कॉलेजात प्लॅनिंगचा कोड वेगळा आणि डिझाइनचा वेगळा असू शकतो. पण गार्डनिंग म्हणजे काय राव.

आता मुख्य गोष्ट, जी मला कोणी सांगितली नाही. ड्युअल डिग्रीचा अर्ज असा एक अर्ज बहुतेक ठिकाणी नसतोच. दोन विभाग असतात, दोन वेगळ्या कमिट्या असतात, त्या दोघी तुमची फाइल आपापल्या टेबलावर वाचतात आणि दोघींनी स्वतंत्रपणे हो म्हणावं लागतं. बर्कलीसारख्या ठिकाणी प्लॅनिंगसोबत आर्किटेक्चर, लँडस्केप, ट्रान्सपोर्टेशन, अगदी कायदा अशा ठरलेल्या जोड्या आहेत. एमआयटीत शेवटी दोन डिग्र्यांसाठी एकच संयुक्त थिसिस चालतो. कुठं एका फॉर्मवर टिक करायची, कुठं दोन फॉर्म भरायचे, दोन फिया द्यायच्या. मी चार कॉलेजं निवडली आणि फॉर्म झाले सहा. प्रत्येकी शंभरच्या आसपास डॉलर, म्हणजे तेव्हाच्या रेटनं पन्नास हजार रुपये नुसते "आम्हाला घ्या" म्हणायला. पप्पांना हा आकडा मी अजून सांगितलेला नाही.

पोर्टफोलिओ, म्हणजे आपल्या कामाच्या चित्रांची फाइल. लँडस्केपला पोर्टफोलिओ म्हणजे सर्वस्व, आणि प्लॅनिंगला बऱ्याच ठिकाणी ऐच्छिक. मी आधी बनवला तो बघून माझी मैत्रीण म्हणाली, "हे मुळशीतल्या बंगल्यांचं ब्रोशर आहे." बरोबरच होतं. संध्याकाळचं आभाळ, स्विमिंग पूल, कुठून तरी डाउनलोड केलेली गोरी माणसं हातात कॉफी घेऊन. रडत रडत अर्धी पानं काढली. ऑफिसचं काम टाकायचं तर परवानगी घ्या आणि त्यात तुमचा वाटा किती ते स्पष्ट लिहा, मी एका हाउसिंग प्रोजेक्टच्या पानावर सरळ लिहिलं की यातलं ड्रेनेज आणि कंपाउंड वॉल माझी. थिसिसची शीट्स मात्र सगळी ठेवली. बटर पेपरवर एकावर एक थर काढले होते: उतार, काळी माती कुठं, जुने ओढे, पुराची पातळी, घरं. मला वाटायचं बटर पेपर स्वस्त म्हणून मी असं केलं. नंतर वाचलं की इयान मॅकहार्ग नावाच्या माणसानं, ज्यानं १९५० च्या दशकात पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात लँडस्केपचा विभाग उभा केला, हीच थरावर थर ठेवायची पद्धत अख्ख्या जगाला शिकवली. म्हणजे मी त्याच रस्त्यानं चालले होते फक्त रस्त्याचं नाव माहीत नव्हतं.

एक पान मात्र मी काढलेलं नव्हतंच, ते पप्पांचं. आमच्या दुकानात आतल्या भिंतीवर, वह्यांच्या रॅकच्या बाजूला, तीन पेन्सिलच्या रेघा आहेत. २००५, २०१९, २०२१. प्रत्येक पूर ओसरला की चिखल काढायच्या आधी पप्पा भिंतीवर ओल कुठवर आहे ते बघून रेघ मारतात, बाजूला तारीख घालतात, त्यांच्या दुकानदारी अक्षरात, उधारी लिहितात तसंच. मी फोन करून म्हटलं पप्पा टेप लावून फोटो पाठवा. त्यांनी पाठवला. फ्लॅश मारलेला, टेप वाकडी, कोपऱ्यात त्यांचा अंगठा आणि खाली नवनीतच्या वह्यांचा गठ्ठा. मी तो क्रॉप करणार होते. केला नाही, पूर्ण पानभर तसाच टाकला. पुढं ज्या एका ठिकाणी व्हिडिओवर मुलाखत झाली, रात्री साडेअकराला, मी वरून कुर्ता आणि खाली नाइट पँट, तिथं बाईंनी पहिला प्रश्न याच पानावर विचारला की या रेघा कोणी मारल्या आणि २००५ नंतर दुकानात काय बदललं. मी सांगितलं की रॅकचे खालचे दोन खण जूनपासून सप्टेंबरपर्यंत रिकामे असतात. त्या लिहून घेत होत्या. रेंडर्सबद्दल, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या चकाचक चित्रांबद्दल, एक शब्द नाही विचारला हो.

शिफारसपत्रं तीन. कॉलेजच्या सरांना विचारलं तर ते म्हणाले, "तू ड्राफ्ट करून आण, मी बघतो." हे सगळ्यांना होतं. मी ड्राफ्ट नेला नाही, त्याऐवजी एक पान नेलं ज्यावर मी त्यांच्या स्टुडिओत काय काय केलं होतं आणि कुठल्या जुरीत काय बोलणी खाल्ली होती ते तारखेसकट लिहिलं होतं. ते वाचून सर हसले आणि खरंच स्वतः बसून लिहिलं. दुसरं ऑफिसच्या मॅडमचं, त्यांनी एका दिवसात दिलं.

तिसरं होतं नगररचना खात्यातून रिटायर झालेल्या एका साहेबांचं. थिसिसच्या वेळी त्यांनीच मला डीपीचे, म्हणजे शहराच्या विकास आराखड्याचे, जुने नकाशे वाचायला शिकवलं होतं. त्यांच्याकडं ऑफिसचा ईमेल नाही, जीमेल, तोही नातवानं काढून दिलेला, आणि फॉर्मला संस्थेचा ईमेल हवा. शेवटी कॉलेजांना मेल करून समजावलं, सगळ्यांनी मान्य केलं, उगाच घाबरले होते. मग त्यांच्या घरी सांगलीतल्या विश्रामबागला जाऊन बसले, शेजारी लॅपटॉप, साहेब एका बोटानं टाइप करतायत, आणि फॉर्ममध्ये आलं की हा उमेदवार तुम्ही बघितलेल्या विद्यार्थ्यांत टॉप किती टक्क्यांत बसतो.

"मी विद्यार्थी बघितले दोन," साहेब म्हणाले. "एक तू आणि एक तो कोल्हापूरचा."

"मग साहेब?"

"मग तू पहिल्या पन्नास टक्क्यांत."

मी काही बोलले नाही. काकू आतून पोहे घेऊन आल्या आणि म्हणाल्या, अहो लिहा की पाच टक्के, पोरीचं नुकसान करताय. ते म्हणाले खोटं कसं लिहू. त्यांनी "सांगता येत नाही" हा पर्याय निवडला आणि खाली दीड पान पत्र लिहिलं. काय लिहिलं मला आजही माहीत नाही कारण मी ते बघायचा हक्क सोडल्याची टिक केली होती. ती टिक करा, न केलेली बरी दिसत नाही.

आणि एसओपी. इथं मी माती खाल्ली. आधी एकच एसओपी लिहिला, फार मेहनतीनं, आणि मग प्लॅनिंगच्या फॉर्मला एक आणि लँडस्केपच्या फॉर्मला दुसरा हवा म्हणून फाइंड-रिप्लेस मारलं. प्लॅनिंगच्या जागी लँडस्केप. १ डिसेंबरची डेडलाइन, तिकडच्या वेळेनं रात्रीची, आपल्याकडं सकाळ झालेली, सबमिट केलं आणि झोपले. दुपारी उठून वाचते तर मी "टाउन लँडस्केप डिपार्टमेंट"मध्ये खेटे घातले होते आणि सांगलीचा "डेव्हलपमेंट लँडस्केप" अभ्यासला होता. तीन ठिकाणी. दुरुस्त करायची सोय नव्हती. त्या कॉलेजाला मी दोष देत नाही.

बाकीच्या फॉर्मना मग शहाणपण आलं. प्लॅनिंगच्या कमिटीला भीती असते की ही बाई आर्किटेक्ट आहे, सुंदर चित्रं काढेल आणि आकडेमोड आली की पळेल. लँडस्केपच्या कमिटीला भीती असते की हिला स्टुडिओ नको, हिला धोरणावर भाषण द्यायचंय. म्हणून प्लॅनिंगला लिहिताना मी गुंठेवारी, रेषा, पुनर्वसन, भरपाई कशी वाटली गेली यावर लिहिलं आणि शेवटी एक परिच्छेद की यासाठी जमिनीचं डिझाइन का लागतं. लँडस्केपला उलटं. एकच गोष्ट, पण एकदा दारातून आणि एकदा परसातून सांगितलेली. दोन्हीत हे लिहिलं की दुसरा विभाग नाही म्हणाला तरी मी येईन. हे लिहायचं का नाही यावर मी आठवडाभर डोकं खाल्लं, पण नंतर बघितलं तर त्या एका वाक्यानंच मला वाचवलं.

ट्रान्स्क्रिप्टचं, म्हणजे सगळ्या वर्षांच्या गुणपत्रकाचं, थोडक्यात: विद्यापीठात तीन चकरा, सीलबंद पाकीट, शिक्का पाकिटाच्या जोडावर आला नाही म्हणून चौथी चकर, आणि मग कळलं की अर्ज करताना स्कॅनच चालतो, सीलबंद फक्त ॲडमिशन मिळाल्यावर. टोफेल ही इंग्रजीची परीक्षा दिली, झाली. जीआरई ही प्रवेशपरीक्षा माझ्या चारपैकी कोणाला सक्तीची नव्हती.

निकाल फेब्रुवारी-मार्चमध्ये. कॉलेजांची नावं इथं लिहीत नाही, आमच्या वर्गात भारतीय मोजून चार, लगेच कळेल. फाइंड-रिप्लेसवाल्यांनी दोन्हीकडून नकार दिला, एकाच मिनिटात दोन मेल. एका ठिकाणी दोन्हीकडं हो आलं, पण पैसा शून्य. एका ठिकाणी लँडस्केप वेटलिस्ट आणि प्लॅनिंग नकार. आणि चौथ्या ठिकाणी प्लॅनिंगनं हो म्हटलं, अर्ध्या फीची स्कॉलरशिप दिली, लँडस्केपनं नको म्हटलं.

मी दोन दिवस रडले की ड्युअल मिळालं तिथं पैसे नाहीत आणि पैसे आहेत तिथं ड्युअल नाही. वर्षाचा खर्च राहण्याखाण्यासकट साठ-सत्तर हजार डॉलरच्या घरात, गुणिले तीन. मग तिथं शिकणाऱ्या एका सीनियर मुलीला मेसेज केला, ती म्हणाली अगं वेडी, इथले निम्मे ड्युअलवाले आत आल्यावर ड्युअल झालेत. बऱ्याच कॉलेजांत पहिल्या वर्षात असताना दुसऱ्या विभागाला अर्ज करता येतो. वेबसाइटवर लिहिलेलं होतं. मी वाचलंही होतं. पण ती मागच्या दारानं घुसायची सोय आहे असं समजून सोडून दिलं होतं.

कर्जाची गोष्ट सांगितलीच पाहिजे. बँकेला तारण हवं, आम्ही घर दिलं. बँकेचा व्हॅल्युअर आला, गेटवर उभा राहूनच त्यानं विचारलं, "मॅडम, हे निळ्या रेषेच्या आत येतंय का बाहेर?" मी थिसिसमधला नकाशा काढून दाखवला, दोन रेषांच्या मध्ये. त्यानं माझ्याच नकाशाचा फोटो काढला, गुंठेवारीचं प्रमाणपत्र मागितलं, ते होतं, आणि तरी दोन आठवड्यांनी बँकेनं कळवलं की पूरक्षेत्रामुळं हे तारण घेता येणार नाही. आई म्हणाली तुला कोणी सांगितलं होतं नकाशा दाखवायला. शेवटी मिरजेच्या मामानं त्याचा फ्लॅट तारण दिला. मामीनं एका शब्दानं काही म्हटलं नाही, म्हणून तिचं नाव मी थिसिसच्या आभारात आईच्या आधी घालणार आहे, आईला चालणार नाही पण घालणार आहे.

व्हिसा मुंबईत बीकेसीला, दोन मिनिटं. आय-२० वर, म्हणजे व्हिसासाठी कॉलेज देतं त्या कागदावर, तेव्हा एकच डिग्री, दोनच वर्षं, त्यामुळं ड्युअलचा विषय मी काढला नाही आणि त्यांनीही नाही.

पहिल्या सेमिस्टरला प्लॅनिंगमध्ये असूनच लँडस्केपचा एक विषय घेतला, पावसाच्या पाण्याचा. हे कराच. कमिटीत बसणाऱ्या माणसांनी तुम्हाला वर्गात बघितलेलं असणं आणि पीडीएफमध्ये बघितलेलं असणं यात फार फरक आहे. डिसेंबरात अर्ज टाकला: एक पानाचं पत्र, आतल्याच प्रोफेसरची दोन पत्रं, आणि तोच पोर्टफोलिओ, त्यात फक्त पाच पानं नवी. पप्पांच्या अंगठ्याचं पान तसंच. ज्या विभागानं वर्षभरापूर्वी नको म्हटलं होतं त्यानंच मार्चमध्ये हो म्हटलं. काय बदललं विचारायची हिंमत झाली नाही. मग इंटरनॅशनल ऑफिसला जाऊन आय-२० तीन वर्षांचा करून घेतला, त्यासाठी पुन्हा पैशाचा पुरावा, पुन्हा मामा.

घरी फोन केला तेव्हा तिकडं सकाळ, पप्पा दुकान उघडत होते, शटरचा आवाज येत होता. म्हटलं पप्पा, दुसरी डिग्री पण मिळाली, एमएलए.

"म्हणजे झालीस म्हणायची आमदार."

"हो."

"बरं. मग आता अजून एक वर्ष फी?"

मी हो म्हटलं. ते थांबा म्हणाले, गिऱ्हाईक आलं होतं, दोनशे पानी वह्या मागत होतं, आणि मला ऐकू आलं की ते त्याला सांगतायत, खालच्या खणात नाहीत रे, वरच्या बघ.